पस्तिसावरचा डोंगर

सदूभाऊंना बेसबॉल नावाचा खेळ साठी उलटल्यावर भेटला, आणि तोही मैदानात नाही, अलिबागेत चेंढऱ्याच्या रस्त्यावर एका औषधांच्या दुकानाच्या माडीवर. पाच कॉम्प्युटर, सहा खुर्च्या, पाण्याचा एक माठ आणि भिंतीवर अमेरिकेतली वेळ दाखवणारं घड्याळ, एवढंच ते ऑफिस. सहावी खुर्ची सदूभाऊंची. तिच्यापुढे कॉम्प्युटर नव्हता. ती त्यांच्या पुतणीच्या, क्रांतीच्या खुर्चीला चिकटून ठेवलेली होती.

सदूभाऊ म्हणजे सदाशिव धुमाळ. रामराजच्या अलीकडचं भातशेतीचं गाव, आणि तिथल्या हायस्कुलात एकतीस वर्षं कारकुनी. अक्षर मोत्यासारखं, आणि दुसऱ्याचं अक्षर कितीही किड्याच्या पायांसारखं असो, ते लावण्यात हात धरणारं कोणी नाही. पण माणसाची खरी ओळख नोकरीतून थोडीच होते! पंचक्रोशीत कुठंही कीर्तन असलं की बुवांच्या मागे, डाव्या हाताला, टाळ घेऊन सदूभाऊ उभे. बुवा आळंदीचे असोत की शेजारच्या वाडीतले. निरूपण चालू असताना त्यांचे डोळे असे भरून यायचे की समोरच्या बायका बुवांकडे न बघता त्यांच्याकडेच बघायच्या.

क्रांती त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ वारला तेव्हा ती नववीत होती. पुढचं शिक्षण, लग्न, सगळं सदूभाऊंनीच केलं. नवरा राहुल न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर, बिऱ्हाड द्रोणागिरीला. सात वर्षांनी ते लग्न मोडलं. का मोडलं ते दोन्हीकडच्यांनी चार बैठकांत चघळून झालंय, आपण कशाला पुन्हा तोंड घालायचं! सांगायचं ते एवढंच, की सहा वर्षांची केसर आजी-आजोबांपाशी राहिली आणि शेवटच्या बैठकीत ठरलं ते असं: क्रांतीनं राहायला खोली आणि पक्क्या नोकरीचं पत्र, दोन्ही दाखवावं. जूनच्या तिसऱ्या रविवारी. दाखवलं तर पोर आईची. नाही तर पोर इथंच, आणि पुन्हा या विषयावर बैठक नाही.

खोली झाली होती. राहिलं होतं पत्र. ऑफिसच्या रुचिका मॅडम म्हणाल्या होत्या, "हे काम मे अखेर अमेरिकेत पास झालं की पुढचं तीन वर्षांचं काम आपल्याला. आणि ते आलं की पहिलं पर्मनंट लेटर क्रांतीचं. प्रॉमिस."

तर काम असं होतं. अमेरिकेतली एक कंपनी कॉम्प्युटरवरचा बेसबॉल बनवते. त्यात खेळणारा बटणं दाबून चेंडू मारत नाही. तो संघाचा मालक होऊन बसतो, खेळाडू घेतो, काढतो, आणि सामने कॉम्प्युटरच खेळून दाखवतो. कशाच्या जोरावर? आकड्यांच्या. फटक्याची ताकद, चेंडूवरची नजर, धाव, झेल, फेक, असे प्रत्येकाला पाच आकडे. कंपनीला शंभर वर्षांपूर्वीच्या लहानसहान संघांतले सहा हजार खेळाडू नव्या आवृत्तीत घालायचे होते. त्यांची माहिती होती कुण्या हौशी मंडळींनी पूर्वी हातानं लिहून ठेवलेल्या पत्रकांवर, एक ते शंभरच्या मापात. नव्या खेळाचं माप वीस ते ऐंशी, आणि तेही पाचपाचच्या पायऱ्यांनी. ह्या मापातून त्या मापात नेणं, हे काम. अक्षर असं की मशीननंही हात टेकले, म्हणून माणसं लागली. क्रांतीनं काकांचं नाव सुचवलं, मॅडमनी हो म्हटलं. पण कंपनीनं आत शिरायला नावं दिली होती पाचच. त्यामुळे सदूभाऊ कागदावर कुठंच नव्हते. आकडे पाचही जण भरायचे; क्रांती दुसऱ्या पत्रकाकडे वळली की तिच्याच कॉम्प्युटरवर, तिच्याच नावाखाली, काका सगळ्यांचे आकडे तपासायचे.

पहिल्याच दिवशी त्यांचं आणि त्या मापाचं वाजलं.

"काका, हे शंभरातले मार्क नायत," पलीकडच्या खुर्चीवरून मितेश म्हणाला. मितेश पेणजवळच्या मिठागरवाल्यांचा पोरगा, टेनिस बॉलच्या सामन्यांत गल्लोगल्ली बक्षिसं मारलेला, हा असला खेळ जाणणारा ऑफिसात तो एकटाच. "पन्नास म्हंजे तुमच्या-आमच्यासारखा. चारचौघांतला. साठ म्हंजे गावात नाव असलेला. सत्तर म्हंजे जिल्ह्यात. ऐंशी म्हंजे... जाऊ दे, आपण काय बघणार नाय तो."

"आणि विसाच्या खाली?"

"विसाच्या खाली माणूसच नाय. ऐंशीच्या वर देव."

"शून्य नाही, शंभर नाही. हे कसलं रे माप?"

क्रांतीनं वही ओढली. "हे बघा काका. आधी त्या लीगची सरासरी काढायची. ह्यांच्या ताकदीची सरासरी बेचाळीस आली. म्हणून बेचाळीसवाल्याला पन्नास. मग दर चौदा गुणांना दहा वर नाही तर दहा खाली. अठ्ठावीसवाल्याला चाळीस, चौदावाल्याला तीस."

"शंभरात चौदा मिळवणाऱ्याला तीस देता?" सदूभाऊ खूश झाले. "दयाळू माप आहे की गं!"

"धावण्याचं वेगळं. ह्या लीगमध्ये सगळे पळणारेच, सरासरी पंचावन्न. तिथं दर दहाला दहा. पस्तीसवाल्याला तीस."

"थांब, थांब. शंभरात पस्तीस मिळवले त्यानं?"

"हो."

"म्हणजे पास झालेला! आणि तुम्ही त्याला तीस देऊन नापास करता?"

मितेश टेबलावर डोकं ठेवून हसला. "काका, पस्तीस बिस्तीस काय नाय हितं. सरासरीपास्नं किती लांब, तेवढाच हिशोब."

"असेल," सदूभाऊ म्हणाले. पण एकतीस वर्षं ज्यानं निकालपत्रकांवर पस्तिसाच्या रेघेवर पोरं तरताना आणि बुडताना पाहिली, त्याच्या मनातनं ती रेघ कशी पुसणार! निकालाच्या आदल्या दिवशी हेडमास्तर हाक मारायचे, सदाशिवराव, काठावर कोण कोण आहे बघा. मग सदूभाऊ बघायचे. एकतीसवाला, बत्तीसवाला. नियमात बसेल तेवढे ग्रेसचे गुण द्यायचे आणि पोर वर ओढून घ्यायचं. लबाडी नव्हती ती. नियमच तसा होता. त्यातली कितीतरी पोरं आज ट्रेलर चालवतात, दुकानं चालवतात, रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करतात.

फेब्रुवारीत एकदा दुपारी डबा खाताना क्रांतीनं भरलेल्या आकड्यांवर एक हंगाम चालवून दाखवला. सामने सरसर सरकले. शेवटी एक लांबलचक यादी आली.

"ही कसली गं?"

"काढून टाकलेले."

"कोणी काढले?"

"कॉम्प्युटरनंच. ज्याचे आकडे तीस, पंचवीस, तो आधी जातो. एकदा गेला की पुन्हा नाही."

"आणि पस्तीसवाले?"

"त्यातले बरेच राहतात."

सदूभाऊंनी हातातला घास डब्यात ठेवला. यादीत एक नाव त्यांच्या ओळखीचं होतं. क्लेम हॉब्सन. सकाळीच त्याचं पत्रक त्यांनी वाचलं होतं. कोपऱ्यात कोणीतरी लिहिलं होतं, भला मुलगा, आईला पैसे पाठवतो, वळणारा चेंडू दिसत नाही. ताकदीला शंभरात सोळा. गणितानं आले एकतीस आणि वर थोडे. पाचाच्या पायरीवर बसवले की तीस.

एकतीस! चार गुणांसाठी!

बरोबर त्याच आठवड्यात गावात माघातला सप्ताह होता. तिसऱ्या दिवशीच्या बुवांनी आख्यान लावलं, आणि मध्येच थांबून म्हणाले, बाबांनो, त्याच्या दारात गेल्यावर तो गुणपत्रिका मागत नाही, तो विचारतो की तू किती जणांना हात दिलास. मागे टाळ थांबला. सदूभाऊ रडत होते. बुवांनी मागे वळून बघितलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी क्रांती चहा आणायला खाली गेली तेव्हा त्यांनी क्लेम हॉब्सनचे तीस खोडून पस्तीस केले.

एक केला म्हणजे दुसऱ्यावर अन्याय. म्हणून मग दुसराही केला. जो दोनचार गुणांनी खाली राहिलाय, त्याला वर घ्यायचा, असा त्यांनी स्वतःपुरता नियम घातला. पुढे तो नियम सैल झाला. पत्रकाच्या कोपऱ्यात कोणाला पाच बहिणी असायच्या, कोणाचा पाय खाणीत गेलेला असायचा. अठ्ठावीसवालाही आला, पंचवीसवालाही आला, शेवटी वीसवालाही आला. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. रोज घरी जाताना त्यांना वाटायचं, आज पंचवीस जण राहिले. पांडुरंगाला ठाऊक, त्यात त्यांचा एका पैचा स्वार्थ नव्हता. क्रांतीला मात्र त्यांनी सांगितलं नाही. चांगलं काम बोलून दाखवू नये, अशी त्यांची समजूत.

मेच्या शेवटच्या सोमवारी रुचिका मॅडमनी सगळ्यांना आपल्या टेबलापाशी बोलावलं. त्यांच्या पडद्यावर एक चित्र होतं.

"हे आपण पाठवलेल्या सहा हजार प्लेयर्सचं. असं यायला पाहिजे," त्यांनी हवेत बोटानं टेकडी काढली, मध्ये उंच, दोन्हीकडे उतरती. "आणि हे बघा काय आलंय."

चित्रात मधली टेकडी होती. पण तिच्या डावीकडे, बरोबर पस्तिसावर, दुसरा एक डोंगर उभा होता, टोकदार, मधल्यापेक्षाही उंच. आणि त्याच्याही डावीकडे, तीस, पंचवीस, वीस, तिथं काहीच नव्हतं. मोकळं आकाश.

"तिकडचा म्हणतो, जगात असे प्लेयर्सच नसतात. वाईट कोणीच नाही, पण जरा वाईट असे ढिगानं! कोणीतरी हातानं केलंय म्हणतो." मॅडमचा आवाज चढला नाही, उलट बसला. "सगळे एका लॉगिनवरून. क्रांती, तुझ्या."

क्रांतीनं त्या डोंगराकडे बघितलं. मग तिनं मान वळवली, हळूच, आणि काकांकडे बघितलं. तिला कळायला तेवढाच वेळ लागला.

"पण झालं काय त्यानं?" सदूभाऊ म्हणाले. "वाचलेच ना ते?"

मितेशनं त्यांना समजावलं. त्या वेळी त्याला हसू आलं नाही. "काका, खेळ सुरू झाला की कॉम्प्युटर सरासरी पुन्हा पन्नासावर आणतो. तुम्ही तळ उचललात ना, मग सरासरी वर गेली. ती खाली आणायला त्यानं सगळ्यांना खाली दाबलं. जो पन्नासवाला, चारचौघांतला, तो पंचेचाळिसावर आला. संघात जागा मोजक्याच, आणि पस्तीसवाला स्वस्तात मिळतो, म्हणून ह्याला काढला." त्यानं यादी पुढे सरकवली. "ह्या वेळी हे गेले. पंधराशे. ह्यांचं काय चुकलं होतं?"

सदूभाऊ यादी बघत राहिले. त्यात क्लेम हॉब्सन नव्हता. तो वरच्या संघात गेला होता, आणि तिथं शंभर वेळा बॅट धरून तो एकदाही पहिल्या टप्प्यापर्यंत पोचला नव्हता.

ते उठले आणि मॅडमपाशी गेले. "मॅडम, हे मी केलं. पोरीला ठाऊक नाही. तुम्ही तिकडं लिहा, सदाशिव धुमाळ नावाच्या म्हाताऱ्यानं केलं म्हणून."

"काका, बसा."

"बसत नाही. लिहा तुम्ही."

"तुम्ही इथे नाहीच आहात काका!" मॅडम म्हणाल्या. "कागदावर पाच जण आहेत. बाहेरचा माणूस दुसऱ्याच्या नावानं आत शिरत होता असं मी लिहिलं, तर ते काम नाही बंद करणार, ऑफिस बंद करतील. पाचही जणांचं. मितेशचं पण, माझं पण. तुम्हाला बसवलं ही माझी चूक, मला मान्य आहे. पण आता तुमचं नाव घेऊन क्रांती वाचत नाही. सगळे बुडतात फक्त."

खोटं बोलून वाचवता येत नाही असं सदूभाऊंनी आयुष्यभर ऐकलं होतं. खरं बोलूनही वाचवता येत नाही, हे त्यांना कोणत्याच बुवांनी सांगितलं नव्हतं.

मॅडमनी मागून मागून नऊ दिवसांची मुदत मिळवली. नऊ दिवसांत दुरुस्त करून पाठवा, मग बघू.

जिना उतरताना क्रांती म्हणाली, "मला विचारायचंत ना काका."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते."

औषधवाल्याच्या दुकानात कोणीतरी खोकत होतं.

दुरुस्ती म्हणजे काय, हे बसल्यावर कळलं. पस्तिसावर सव्वीसशे नोंदी उभ्या होत्या. त्यातल्या मूळच्या कोणत्या आणि उचललेल्या कोणत्या? आकडा दोघांचाही पस्तीसच. आधीचा आकडा पुसून काकांनी नवा घातलेला, मागे खूण नाही. एकतीसचा पस्तीस करता येतो, पण पस्तिसाकडे बघून तो आधी एकतीस होता की पंचवीस की पस्तीसच, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. मागे जायला वाटच नव्हती. एकच उपाय, सव्वीसशेच्या सव्वीसशे पत्रकं पुन्हा उघडायची, पुन्हा वाचायची, पुन्हा सरासरी, पुन्हा वजाबाकी.

आता सदूभाऊ कीबोर्डला हात लावत नव्हते. ते वाचून दाखवायचे, क्रांती भरायची.

"अर्ल टिबेट. धाव चौतीस. सरासरी पंचावन्न."

"एकोणतीस. म्हणजे तीस."

"हो. तीस." आणि मग न राहवून, "बायको बाळंतपणात गेली त्याची. लिहिलंय इथं."

"काका."

"तीस. तीसच लिही."

एकेकाला हातानं वर घेतलं होतं, आता तोंडानं खाली ढकलायचं. आवाज कीर्तनात उठायचा तसा उठेना. मितेश आपलं काम संपवून त्यांच्या वाटणीची चाळीसेक घेऊन बसायचा. "काका, तुमच्यासारखा सिलेक्टर पायजे होता आमच्या गावाला," तो एकदा म्हणाला, "मी पण टीममध्ये ऱ्हायलो असतो." सदूभाऊ हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "तू किती रे? साठ?" "मी? पंचेचाळीस," मितेश म्हणाला. "तुम्ही काढलात त्यातला."

काका-पुतणीची मिळून रोज ऐंशी, नव्वद व्हायची. क्रांती पाणी प्यायलाही उठत नव्हती. मधेच फोन वाजला की पडद्यावर केसरचा फोटो यायचा, आणि ती तो उलटा ठेवायची. नंतर करते म्हणायची. पोरीचा आवाज ऐकला तर हात थांबतील, हे सदूभाऊंना कळत होतं.

नवव्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिघांची मिळून अकराशे चाळीस झाली होती. अकराशे एक्केचाळिसावं पत्रक उघडायला क्रांतीनं बटण दाबलं आणि पडदा पांढरा झाला. तिनं पुन्हा आपलं नाव घातलं. पुन्हा पांढरा.

"मॅडम," ती म्हणाली, "मला आत घेत नाहीये."

रुचिका मॅडम आपल्या जागेवरून उठल्या नाहीत. त्यांच्यापुढे अमेरिकेतल्या कंपनीचं पत्र उघडं होतं. बाकी चौघांचं काम चालू राहणार होतं, छोटं, सहा महिन्यांचं. ज्या नावाखाली आकडे फिरवले गेले ते नाव कायमचं बंद.

"मी खूप भांडले गं," मॅडम म्हणाल्या.

"हो," क्रांती म्हणाली. तिनं डब्याची पिशवी उचलली, खुर्ची नीट आत सरकवली. सहावी खुर्चीही सरकवली.

जूनचा तिसरा रविवार आला. पेणला गाडी बदलून काका-पुतणी द्रोणागिरीला पोचली तेव्हा अकरा वाजले होते. आदल्या रात्री सदूभाऊंनी मनाशी सगळं जुळवलं होतं. काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची. हजार माणसांपुढं बुवांची साथ केलेला माणूस, चार माणसांपुढं बोलता येणार नाही थोडंच!

तिसऱ्या मजल्यावरची खोली. खाली ट्रेलरांची रांग गुरगुरत होती. राहुल, त्याचे वडील, भावकीतले दोघं, आणि दाराशी पाटावर राहुलची आई, सोनूबाई. चहा आला. कोणी वाकडं बोललं नाही. त्या घरात वाकडं बोलायची रीत नव्हती.

"खोली हाय?" राहुलच्या वडिलांनी विचारलं.

क्रांतीनं भाडेकराराचा कागद पुढे केला. तो हातोहात फिरून परत आला.

"आन् पत्र?"

"पत्र नाही," क्रांती म्हणाली.

सदूभाऊ पुढे सरकले. हात जोडले. "भाऊ, चूक माझी आहे. पोरीची नाही. हिचं काम सोन्यासारखं. मी म्हातारा मध्ये बसलो, मला त्या मापातलं कळलं नाही, मी माझ्या मनानं आकडे फिरवले आणि तिचं नाव गेलं. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. वाटलं तर मी लिहून देतो. पण ह्याचा दंड त्या दोघींना नको."

ते बरंच बोलले. क्लेम हॉब्सनचंसुद्धा बोलले. भावकीतल्या एकानं दुसऱ्याकडे बघितलं.

सोनूबाई शांतपणे म्हणाल्या, "सदूभाऊ, तुमी देवमानूस हाव, आमाला म्हायत हाय. चूक तुमची असल, तिची न्हाय असल. पर पत्र हाय का?"

"नाही."

"मग झालं तर. चुकीचं इचारलंच न्हाय आमी. पत्राचं इचारलं."

राहुल खिडकीबाहेर बघत होता. "मी तिला कधी भेटायला नको म्हटलं नाही," तो म्हणाला. "महिन्यातनं एक रविवार येऊ दे. दोन येऊ दे."

दोन रविवार ठरले. बैठक तेवढ्यात संपली.

मग आतल्या खोलीतून केसरला बाहेर आणली. आईला बघून ती पळत आली, आणि क्रांतीनं तिला उचलली. पोरीच्या अंगात गणवेश होता, कोरा, घडीच्या रेघा अजून न मोडलेल्या, निळा स्कर्ट आणि खिशावर इथल्याच शाळेचं नाव. रविवार असून हट्टानं घातला होता तिनं, आईला दाखवायचा म्हणून.

"आई, मी पहिलीत गेले! सोमवारी गेले. माझ्या बाईंचं नाव सुचिता."

सोमवारी. म्हणजे बैठकीच्या सहा दिवस आधी. म्हणजे नाव त्याच्याही कितीतरी आधी घातलेलं.

सदूभाऊंनी सोनूबाईंकडे बघितलं. त्यांनी नजर वळवली. आणि त्या क्षणी सदूभाऊंच्या छातीवरचा धोंडा सरकला. पोर यांनी ठेवायचीच ठरवली होती! पत्र आलं असतं तरी काय उपयोग होता? म्हणजे हे त्यांच्या हातून झालं नाही, हे व्हायचंच होतं. एका श्वासापुरतं त्यांना इतकं हलकं वाटलं, इतकं बरं वाटलं, की दुसऱ्याच श्वासाला त्यांना स्वतःची शिसारी आली.

तरीही स्टॉपवर उभं राहिल्यावर ते बोललेच. माणूस किती लाचार असतो बघा. "क्रांते, त्यांनी शाळेत आधीच घातली होती गं. आपण पत्र नेलं असतं तरी त्यांनी दिली नसती."

क्रांती रस्त्याकडे बघत होती. ट्रेलरांच्या चाकांनी उडालेलं पाणी तिच्या साडीच्या काठावर बसलं होतं. तिला राग आलेला नव्हता. राग आला असता तर सदूभाऊंना बरं वाटलं असतं.

"पत्र हातात असतं ना काका," ती म्हणाली, "तर मी तिला गणवेशासकट उचलून आणली असती. शब्द त्यांनी दिला होता. चार माणसांत दिला होता. मी बोलले असते."

पेणची गाडी आली. उभं राहायलाच जेमतेम जागा होती. क्रांती पुढच्या दारानं चढली, सदूभाऊ मागच्या.